पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम बरोबर असूनही जोडणी होत नसेल तर

लिनक्सच्या राउटरवर आयपीटेबल्सने (फायरवॉलचे नियम लिहिण्याच्या साधनाने) पोर्ट वळवलेला असतो, म्हणजे बाहेरून एका पोर्टवर येणारी जोडणी आतल्या यंत्राकडे पाठवलेली असते, नियम बरोबर दिसतो, तरीही बाहेरून जोडणी होत नाही. अशा वेळी दोष बहुधा पत्ता बदलणाऱ्या नियमात नसून फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीत, म्हणजे राउटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटांना परवानगी किंवा नकार देणाऱ्या नियमांच्या यादीत असतो. गंतव्य पत्ता प्रीराउटिंगच्या टप्प्यावर, म्हणजे फॉरवर्ड साखळीच्या आधीच बदलला जातो. त्यामुळे बाहेरचा ८०८० पोर्ट आतल्या १९२.१६८.१.१० या यंत्राच्या ८० पोर्टकडे वळवला असेल, तर फॉरवर्ड साखळीत परवानगी १९२.१६८.१.१० आणि ८० यांनाच द्यावी लागते. तेथे सार्वजनिक पत्ता किंवा ८०८० लिहिल्यास तो नियम कधीच लागू होत नाही. ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. याउलट स्रोत पत्ता पोस्टराउटिंगमध्ये, म्हणजे सर्वांत शेवटी बदलतो, म्हणून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी फॉरवर्ड साखळीत आतला मूळ पत्ताच लिहावा.

अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्येक नियमासमोरचा पॅकेटांचा आकडा पाहावा. पत्ता बदलणाऱ्या नियमाचा आकडा वाढतो, पण फॉरवर्डमधील परवानगीचा वाढत नाही, असे दिसल्यास तिच्या वर एखादा नकाराचा नियम आहे का, हे तपासावे, कारण नियम वरून खाली क्रमाने वाचले जातात.

आणखी एक गोष्ट सहज निसटते: पत्ता बदलण्याचे नियम जोडणीच्या केवळ पहिल्या पॅकेटसाठी तपासले जातात. म्हणून नियम दुरुस्त केल्यावर कनेक्शन ट्रॅकिंगमधील (चालू जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेतील) जुन्या नोंदी काढून टाकून नव्या जोडणीनेच चाचणी घ्यावी, आणि तीही बाहेरच्या नेटवर्कवरून.