चाइल्ड प्रोसेस संपण्याची वाट किती वेळ बघायची?

पहिल्या नोकरीत मिळालेलं काम ऐकायला सोपं होतं. लिनक्सवर चालणाऱ्या आमच्या सी प्रोग्रॅमने एफएफएमपेग (व्हिडिओ-ऑडिओ फाइलींवर काम करणारं टूल) सुरू करायचं, आणि ते ३० सेकंदांत संपलं नाही तर मारून पुढची फाइल घ्यायची. पण चाइल्ड, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने सुरू केलेली प्रोसेस, संपण्याची वाट बघणाऱ्या वेटपिड या सिस्टम कॉलला टाइमआउट (थांबण्याची मुदत) देण्याची सोयच नाही. एकतर चाइल्ड संपेपर्यंत अडकून राहा, नाहीतर डब्ल्यूनोहँग देऊन लगेच परत या.

म्हणून वेटपिडसाठी वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारा भाग) ठेवला. तो चाइल्डपाशी थांबतो आणि मेन थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे त्या थ्रेडच्या इशाऱ्याची वाट बघत, जास्तीत जास्त ३० सेकंद. (त्याचं घड्याळ मोनोटॉनिक, म्हणजे फक्त पुढेच जाणारं, ठेवा; मशीनची वेळ बदलली की साधं घड्याळ फसवतं.) वेळ संपली की किल.

मी इथेच चुकलो होतो, आणि ते सीनियरने कोड वाचताना दाखवलं. टाइमआउट झाला आणि नेमकं त्याच क्षणी चाइल्ड स्वतःहून संपलं, तर थ्रेडमधलं वेटपिड त्याचा निकाल उचलतं आणि पिड (प्रोसेसचा ओळख-नंबर) मोकळा होतो. तोच नंबर दुसऱ्या प्रोसेसला मिळाला तर आपला किल भलत्याच प्रोसेसवर पडतो. असं क्वचितच घडेल, पण घडलं तर शोधायला महिने लागतील.

उपाय छोटा आहे. थ्रेडमध्ये वेटपिडऐवजी वेटआयडी वापरा आणि डब्ल्यूएक्झिटेडसोबत डब्ल्यूनोवेट द्या. चाइल्ड संपल्याचं कळतं, पण ते झॉम्बी (संपलेली, पण निकाल अजून न उचललेली प्रोसेस) म्हणून टिकून राहतं, त्यामुळे पिड दुसऱ्या कुणाला जात नाही. मेन थ्रेडने हवं तर किल करावं, थ्रेड जॉइन करावा (तो संपेपर्यंत थांबावं) आणि शेवटी स्वतः वेटपिड करावं. किल केल्यावरही हे वेटपिड लागतंच, नाहीतर झॉम्बी साचत जातात.

एवढं करूनही काही फाइलींवर हमखास टाइमआउट येत होता. त्या बिघडलेल्या फाइली होत्या. एफएफएमपेग जवळपास दर फ्रेमला एररची ओळ लिहायचं, आम्ही एसटीडीएरर (एरर लिहिण्याचा मार्ग) आमच्या प्रोग्रॅमकडे येणाऱ्या पाइपला जोडला होता आणि तो पाइप वाचत कुणीच नव्हतं. लिनक्सवर पाइपमध्ये साधारणपणे ६४ केबी मावतात. तेवढे भरले की चाइल्ड राइटमध्येच गोठायचं, आणि आम्ही दोष द्यायचो एफएफएमपेगला! पाइप वाचणारा दुसरा थ्रेड जोडला आणि त्या फाइली वेळेत सुटू लागल्या.

आज नवीन लिहीत असाल तर लिनक्स ५.३ पासून पिडएफडी_ओपन हा कॉल आहे, तो प्रोसेससाठी फाइलसारखा डिस्क्रिप्टर देतो. त्या डिस्क्रिप्टरवर टाइमआउट देऊन पोल करा (काही घडेपर्यंत थांबणारा कॉल), थांबण्यासाठी थ्रेड लागत नाही. पायथनच्या सबप्रोसेसमध्ये ३.३ पासून आणि जावाच्या वेटफॉरमध्ये ८ पासून टाइमआउट आहे. पाइप मात्र तिथेही तुम्हालाच रिकामा करावा लागतो. पायथनमध्ये त्यासाठी कम्युनिकेट वापरा.