ट्रक, ट्रॉलर घेताय? या चुका टाळा

सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोलीत आमच्या अंगणात खनिज वाहणारे दोन टिप्पर उभे होते. एकाचं कर्ज फिटत आलेलं, दुसऱ्याचे जेमतेम सात हप्ते भरलेले. बॅटरी उतरू नये म्हणून बाबा रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. चाकांमधून गवत वर आलं, पण हप्त्याची तारीख काही चुकली नाही. म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जमवलेला पै न् पै गाडीच्या किमतीत घालणं. स्वतःचा हिस्सा भरून, दागिने गहाण टाकून गाडी दारात येते आणि दुसऱ्याच दिवशी डिझेलला पैसे लागतात. मग टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार. केलेल्या कामाचं बिल मात्र दीड-दोन महिन्यांनी पास होतं. मधल्या काळात माणूस चढ्या व्याजाचे हातउसने घेतो आणि बुडतो तो तिथेच. किमान चार महिन्यांचा चालू खर्च वेगळा ठेवल्याशिवाय सही करू नका. तेवढे जमत नसतील तर जुनी, स्वस्त गाडी घ्या.

ट्रॉलरवाल्यांची अडचण वेगळी. 1 जून ते 31 जुलै, असे 61 दिवस मासेमारी बंद. कमाई शून्य, आणि जाळी विणणं, रंगकाम, इंजिन खोलणं हा खर्च नेमका तेव्हाच. तरी लोक बारा महिने सारखा हप्ता मान्य करतात! हंगामाप्रमाणे हप्ते बांधून मागा, तेही कर्ज मंजूर होण्याआधी. सुरुवातीला हप्त्यांना सवलत मिळाली तरी व्याज चढतच असतं, हे विसरू नका.

कॅश क्रेडिटच्या, म्हणजे बँकेनं ठरवून दिलेल्या मर्यादेत लागेल तसे काढायच्या पैशातून यंत्र घेऊ नका. ते पैसे रोजच्या उलाढालीसाठी असतात.

आणि एकाच कामावर विसंबू नका. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयानं 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि 16 मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. हे काम गेलं तर गाडी कोण लावून घेईल, हे घेण्याआधीच दोन-तीन ठिकाणी विचारा.

अडकलाच असाल तर बँकेला तोंड चुकवू नका. थकबाकी 90 दिवसांपुढे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत जाण्याच्या वाटेवरचं कर्ज होतं. त्याआधीच हप्ते नव्यानं बांधून मिळावेत म्हणून लेखी अर्ज द्या, काम थांबल्याचं पत्र जोडा आणि पोच घ्या.