टेन्साइल छताचं रेंडर लावण्याआधी

टेन्साइल छत म्हणजे केबलींवर ताणून बसवलेलं कापडी छत, आणि रेंडर म्हणजे त्याच्या थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने काढलेलं चित्र. कॅमेरा, एचडीआरआय (आकाशाचा उजेड देणारा फोटो), युनिटं हे सगळं तुम्ही पाहिलेलंच असणार, पुढे चला.

आधी मॉडेलमध्ये शिरा आणि छताचं कापड एकपदरी आहे का ते बघा. जाडी देणारी शेल किंवा सॉलिडिफाय ही साधनं नकोत, खरं कापड मिलिमीटरभर जाड असतं म्हणून दिलेली जाडीही नको. पीटीएफईचा (टेफ्लॉनसारख्या प्लॅस्टिकचा) लेप लावलेलं काचतंतूंचं कापड साधारण 12 टक्के प्रकाश आत सोडतं आणि त्या आकड्यात कापडाची जाडी आलेलीच असते. दोन पदर झाले की 12 चे 12 टक्के, म्हणजे दीड टक्काही उरत नाही; दोन पदरांमध्ये उसळणारा प्रकाश धरला तरी तीनच्या आसपास. छत काळवंडतं, मग लोक सूर्य वाढवतात आणि बाहेरची जमीन जळून पांढरी होते. सूर्याला हात लावू नका, पदर मोजा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सिलेक्ट नॉन-मॅनिफोल्ड (उघड्या कडा शोधणारी आज्ञा) करा: एकपदरी कापडाच्या फक्त कडा निवडल्या जातील. काहीच निवडलं गेलं नाही, तर कापड सगळीकडून बंद आहे, जाडी शिल्लक आहे. कॅडच्या नकाशातून एकाच जागी दोनदा आलेले फेसही (मॉडेलचे पृष्ठतुकडे) याच पापात मोडतात. एकावर एक आलेले बिंदू जोडणारी मर्ज बाय डिस्टन्स चालवा.

आकार सपाट नको. ताणलेलं कापड एका दिशेला वर आणि दुसऱ्या दिशेला खाली वळतं. कडेची केबल आतल्या बाजूला कमानीसारखी जाते. कडा सरळ रेषेत असेल तर मटेरियल कितीही चांगलं असो, ते पत्र्याचंच दिसेल.

मटेरियलमध्ये ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी करून भागत नाही. पलीकडचं झाड स्वच्छ दिसतं आणि कापड मच्छरदाणीसारखं दिसतं. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) डिफ्यूज, म्हणजे परत विखुरणारा प्रकाश, 0.75 आणि ट्रान्सल्युसंट, म्हणजे आरपार विखुरणारा, 0.12 हे अ‍ॅड शेडरने जोडा. बेरीज 1 च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर कापड स्वतःच प्रकाश पाडू लागेल. रंग हेक्स कोडने लिहीत असाल तर 12 टक्के म्हणजे 616161. 1F1F1F (255 चे थेट 12 टक्के) लिहिलंत तर दीड टक्क्यावर याल आणि दोष पुन्हा पदरांवर ढकलाल. कोरोना या रेंडर इंजिनात थिन शेल आणि व्ही-रे या इंजिनात टू-साइडेड मटेरियल वापरा, दोन्ही एकपदरी मेशवरच (मॉडेलच्या पृष्ठभागावर). जाडी दिली असेल तर तीही काढा, हे पुन्हा सांगतोय.

कापड खरोखर दुहेरी असतं ते फक्त जोडांवर. तिथे साधारण 5 ते 7 सेंमीचा पट्टा मॅपमध्येच (कापडावर चढवलेल्या चित्रात) गडद करा, त्यासाठी वेगळा मेश चढवू नका. पट्ट्यांची दिशा यूव्हीत (चित्र पृष्ठभागावर कसं बसतं त्या मांडणीत) नीट बसवा, उजेड मागून आला की सगळ्यात आधी जोडच दिसतात.

चाचणीचं रेंडर सूर्य कापडाच्या मागे ठेवूनच घ्या; समोरून सगळंच ठीक दिसतं. सावल्यांची धार बघा: सूर्याचा व्यास आकाशात अर्धा अंश, म्हणून 3 मीटर वरच्या फांदीची सावली कापडावर सुमारे 3 सेंमी पसरते, तर चिकटून गेलेल्या केबलची रेघ करकरीत राहते. दोन्ही सारख्याच धारदार दिसत असतील तर सूर्याचा आकार शून्यावर राहिलाय.

रात्रीच्या दृश्यात दिवे कापडाखाली, एक्स्पोजर वेगळं. बाउन्स, म्हणजे प्रकाश किती वेळा उसळतो तो आकडा, वाढवा. डीनॉइझरला (दाणे पुसणाऱ्या साधनाला) अल्बेडो आणि नॉर्मल, म्हणजे मूळ रंग आणि पृष्ठभागाच्या दिशेचे, पास द्या, नाहीतर जोड पुसले जातात.