जुन्या कवितेला नवी चाल लावताना या चुका टाळा

बालकवी, तांबे, केशवसुत यांच्या कवितांना नव्याने चाली लावणारी बरीच तरुण मंडळी आज दिसतात आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. पण पुष्कळदा सूर गोड असतो, वाद्यमेळ नेटका असतो, आणि कविता मात्र पोचत नाही. माझ्या मते याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. पेटीवर बोटं आधी जातात आणि कविता मोठ्याने वाचणं राहून जातं. वृत्तातली कविता आपली लय घेऊनच आलेली असते. ती न ऐकता चाल केली की शब्द आणि सूर एकमेकांना ओढत बसतात.

वृत्त न बघता ताल ठरवणं

सगळ्यात जास्त गाणी इथेच बिघडतात. लहानपणापासून पाठ असलेले मनाचे श्लोक घ्या. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लघु-गुरू-गुरू (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन) असा पाच मात्रांचा गण चार वेळा. ‘मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे’ असं तोडून म्हटलं की तीन अधिक दोन असा झोका हाताला लागतो. दहा मात्रांच्या झपतालाचे विभाग 2-3-2-3 असतात, त्यामुळे हे दोघं एकमेकांसाठीच आहेत असं वाटतं. तरीही नुसता झपताल निवडून काम भागत नाही. ओळ समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, उचलली तर तिथे ‘मना’तला लघु ‘म’ येतो आणि ‘ना’ दोन विभागांत चिरला जातो. तीच ओळ तिसऱ्या मात्रेपासून उचला. ‘मना’ तीन मात्रांत बसतो, ‘सज्’ ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देता हात सोडायच्या सहाव्या मात्रेवर येतो, ‘जना’ पुढच्या तीन मात्रा घेतो आणि ‘भक्ती’तला ‘भक्’ नेमका समेवर पडतो. एक सूरही न बदलता ओळीचा अर्थ उभा राहतो.

केरवा (आठ मात्रा) किंवा दादरा (सहा मात्रा) हे ताल वापरूच नयेत असं नाही. दादऱ्यात प्रत्येक गणाचा शेवटचा गुरू एक मात्रा लांबवला की सहा मात्रा भरतात. कुठलं अक्षर ताणायचं ते मात्र तुम्ही ठरवा, ठेक्याला ठरवू देऊ नका. चाल फरफटल्यासारखी वाटत असेल तर वाद्यं बंद करा, टाळी देत कविता वाचा आणि सम कोणत्या अक्षरावर येते ते वहीत लिहा. ‘च्या’, ‘ला’, ‘आणि’ यांच्यावर ती वारंवार येत असेल तर दुखणं सापडलं.

ओवी-अभंगाची गोष्ट वेगळी. तिथे मात्रा नाही, अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगाचे चरण 6-6-6-4 अक्षरांचे असतात. अक्षर लांबवायला तिथे भरपूर मोकळीक मिळते, आणि नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं.

ऱ्हस्व-दीर्घ ‘सुधारणं’

बालकवींची ओळ आहे, ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे’. मात्रा मोजा: 8, 8, 8 आणि 6. कवीने ‘चोहिकडे’तला ‘हि’ मुद्दाम ऱ्हस्व ठेवला आहे. आजच्या लेखनाप्रमाणे कुणीतरी तो ‘चोहीकडे’ करतं, शेवटी सातवी मात्रा घुसते आणि गायक ती लपवायला धावतो. चूक गायकाची नसते, समोरच्या कागदाची असते. म्हणून फिरत आलेल्या मजकुरावरून चाल लावू नका. छापील संग्रह, जमल्यास दोन आवृत्त्या, शेजारी ठेवून ताडून बघा.

जुन्या आवृत्त्यांत आणखी एक फसवं चिन्ह असतं. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘सांवळा’ यांवरचे अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकले, कारण ते उच्चारले जात नव्हते. ते बघून नाकात गाण्याची गरज नाही. उलट बहिणाबाईंच्या ओव्यांत बोलीतले उच्चार आहेत तसेच ठेवा. ‘जसा तवा चुल्ह्यावर’चं ‘चुलीवर’ केलं तरी अक्षरं आठच राहतात, पण बाईंचा आवाज जातो.

जिथे तिथे ध्रुवपद

पहिली ओळ दर कडव्यानंतर परत आणायची सवय गीतांमुळे लागली आहे. तांब्यांच्या गीतांना ती शोभते, कारण ती रचनाच तशी आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’ला नाही शोभत. आठ ओळींची ती कविता झऱ्यापासून निघते, गाव, पायवाट, काळा डोह असं करत शेवटच्या ओळीत झाडापाशी पोचते. तिथे पोचल्यावर ऐकणाऱ्याला पुन्हा पहिल्या ओळीवर आणलं की सगळा प्रवास पुसला जातो. सुनीताचंही तसंच: चौदा ओळी, आणि बहुधा आठव्या ओळीनंतर विचाराला वळण. अशा कवितेला सलग चाल द्या, वळणावर सुरांची जागा बदला. पुनरावृत्ती हवीच असेल तर ती वाद्यांतून येऊ द्या.

कवितेत पाऊस आला की मल्हार, संध्याकाळ आली की मारवा, असं राग निवडणंही इतकं सरसकट नको. कवितेत पाऊस असला तरी मन कुठल्या भावात आहे, ते आधी बघा.

हक्कांची चौकशी शेवटी करणं

भारतात कवीच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतात. केशवसुत (निधन 1905), बालकवी (1918), तांबे (1941) केव्हाच मोकळे झाले. मर्ढेकर (1956) 2017 पासून. बोरकरांचं निधन 1984 चं, म्हणजे 2044 अखेरपर्यंत परवानगी लागेल. कुसुमाग्रजांसाठी 2059 अखेरपर्यंत. बहिणाबाईंचा संग्रह त्यांच्या पश्चात 1952 मध्ये आला, म्हणून तिथे 60 वर्षं प्रकाशनापासून धरतात. जिथे परवानगी लागते तिथे ती चाल बांधायच्या आधी, लेखी घ्या.

कविता मोकळी असली तरी तिची प्रसिद्ध चाल मोकळी असतेच असं नाही. संगीतकाराचा हक्क वेगळा मोजला जातो. ती चाल तुमच्या कानात पक्की बसलेली असते, त्यामुळे मुखड्यातली एखादी जागा नकळत तशीच येते. मुखडा तयार झाला की शब्द काढून नुसता ‘ला-ला’वर गा आणि कविता कोणती ते न सांगता दुसऱ्याला ऐकवा. त्याने जुन्या गाण्याचं नाव घेतलं तर तो मुखडा बाजूला ठेवून पुन्हा वाचनापासून सुरुवात करा.