मनावरचे चिलखत कसे उतरवावे

पुरुषाने भावना दाखवू नयेत हे मुलांना शिकवताना योद्ध्याचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. योद्धा रडत नाही, डगमगत नाही, त्याच्या अंगावर पोलाद असते आणि मनही पोलादीच असते, असे सांगितले जाते. हे मार्गदर्शन अशा पुरुषांसाठी आहे, ज्यांनी ही शिकवण मनापासून पाळली आणि आता घरच्या माणसांशीही मोकळेपणाने बोलणे ज्यांना जमत नाही. त्यांनी प्रथम मध्ययुगीन युरोपातील नाइटांचे, म्हणजे घोड्यावरून लढणाऱ्या सरदार योद्ध्यांचे, चिलखत प्रत्यक्षात कसे होते हे पाहावे, कारण चिलखत उतरवण्याची रीत त्याच्या बांधणीतच आहे.

पंधराव्या शतकात इटलीतील मिलान आणि जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथील कारागीर जे संपूर्ण पोलादी चिलखत घडवत, त्याचे वजन साधारण २० ते २५ किलो असे. हे वजन सर्वांगावर विभागलेले असल्याने सराव असलेला माणूस ते घालून धावू शकत असे आणि कोणाच्या मदतीशिवाय घोड्यावर चढू शकत असे. आत गोधडीसारखा शिवलेला जाड अंगरखा असे, आणि पोलादाचे बरेचसे भाग त्याला दोऱ्यांनी व पट्ट्यांनी बांधले जात. पायांपासून सुरुवात करून वर वर बांधत जाण्याची पद्धत होती. शिरस्त्राण आणि हातमोजे सर्वांत शेवटी. हे काम एकट्याने नीट होत नसे, त्यासाठी स्क्वायर म्हणून ओळखला जाणारा उमेदवार तरुण सोबत असे. लढाई संपली की तोच बंद सोडत असे. भाल्यांच्या खेळांसाठी याहून बरेच जड, वेगळे चिलखत असे आणि ते रणांगणावर कोणी नेत नसे. म्हणजे प्रत्येक चिलखत एका प्रसंगासाठी होते, आणि घालण्याइतकीच ते उतरवण्याचीही व्यवस्था होती.

त्या काळच्या वीरांनी अश्रूंची लाज बाळगली होती असेही नाही. रोलां या वीराच्या मृत्यूवर रचलेल्या जुन्या फ्रेंच वीरगीतात सम्राट शार्लमेन दाढी उपटत रडतो आणि त्याचे हजारो योद्धे त्याच्याबरोबर रडतात. कवीला त्यात कमीपणा दिसत नाही. तेव्हा न रडणारा योद्धा ही प्रतिमा मध्ययुगाच्या नावावर खपवली जात असली, तरी ती त्या काळाची नाही.

आपले चिलखत ओळखणे

पहिले काम ओळखण्याचे आहे. मौन हा त्याचा सर्वांत परिचित प्रकार. 'काही नाही, जरा दमलोय' हे त्याचे ठरलेले वाक्य. दुःख किंवा भीती वाटली की तिचे लगेच संतापात रूपांतर होणे हा दुसरा प्रकार, आणि तो घरातल्यांना सर्वांत जास्त सोसावा लागतो. प्रत्येक गंभीर बोलणे थट्टेवर नेणे, रविवारीही काम काढून बसणे, रोज संध्याकाळी दारूचा आधार घेणे, हीही चिलखतेच आहेत. आठवडाभर एका वहीत एवढेच लिहावे, की आज कोणत्या क्षणी मी गप्प झालो, चिडलो किंवा विषय बदलला, आणि त्याच्या अगदी आधी काय घडले होते. कारण शोधण्याची घाई करू नये. 'मुलाने निकाल दाखवला, मी ओरडलो' इतकी नोंद पुरते. काही दिवसांनी नोंदी पुन्हा वाचल्या, की त्याच त्या दोनतीन जागा वारंवार आलेल्या दिसतात.

येथे एक भेद जपावा. भावना आवरणे हे काही वेळा योग्य आणि आवश्यक असते. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, आगीत शिरणारा अग्निशमन दलाचा जवान, अपघातस्थळी पोहोचलेला पोलीस यांनी त्या घटकेला मन घट्ट केलेच पाहिजे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले, कारण त्या भेटीत दग्याचा संभव होता. खरा प्रश्न चिलखत कर्णाच्या कवचासारखे अंगाबरोबरच वाढले तर निर्माण होतो, कारण ते सोलूनच काढावे लागते. विल्हेल्म राइश या मनोविश्लेषकाने १९३३ साली नेमक्या याच अवस्थेसाठी 'स्वभावाचे चिलखत' ही कल्पना मांडली होती. राइशची नंतरची अनेक मते विज्ञानाने नाकारली, पण हे निरीक्षण आजही उपयोगी पडते. म्हणून वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे एक प्रश्न लिहावा: त्या क्षणी समोर खरोखर धोका होता का?

किंमत मोजून पाहणे

उतरवण्याची इच्छा होण्यासाठी वजन जाणवावे लागते. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये पंधराव्या शतकातील चिलखतांच्या प्रतिकृती घातलेल्या माणसांना ट्रेडमिलवर चालवले, तेव्हा चालण्यासाठी दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते असे दिसले. छाती-पाठीवरच्या पत्र्यांमुळे त्यांना खोल श्वास घेता येत नव्हता. श्वास उथळ आणि जलद होत होता. १४१५ च्या अझँकूरच्या लढाईत फ्रेंच सरदार चिखलातून चालत इंग्रजांपर्यंत पोहोचेतो अर्धेअधिक थकले होते, त्याचे एक कारण यात आहे.

मनाच्या बाबतीतही मोजमापे झाली आहेत. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात काही लोकांना दुःखद चित्रफिती दाखवल्या आणि त्यांतील काहींना चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्यास सांगितले. त्यांचे दुःख तसूभरही कमी झाले नाही, उलट हृदय व रक्ताभिसरणावरच्या ताणाच्या खुणा वाढल्या. पुढच्या एका प्रयोगात तर भावना दडवून बोलणाऱ्या व्यक्तीसमोर बसलेल्या अनोळखी व्यक्तीचाही रक्तदाब वाढला. घरात एक माणूस गप्प असला की सगळे घर का आवळल्यासारखे वाटते, हे मला त्यावरून अधिक स्पष्ट झाले.

बंद कोणत्या क्रमाने सोडावेत

जे शेवटी बांधले, ते आधी सोडावे, हा चिलखताचा क्रम येथेही पाळावा. अनेक पुरुष एक दिवस ठरवून सगळे काही, अगदी बालपणापासूनचे, एका रात्री बायकोसमोर ओततात आणि दुसऱ्या दिवशी शरमेने दुप्पट आवळून घेतात. सुरुवात वरवरच्या, ताज्या आणि लहान गोष्टीपासून करावी. 'आज साहेब सगळ्यांसमोर बोलले, ते मला लागले' हे वाक्य पुरेसे आहे. त्यात तीन गोष्टी असाव्यात: काय झाले, मला काय वाटले, आणि हे 'मला' वाटले. 'लोक कसे वागतात बघा' अशा वाक्यात माणूस पुन्हा पोलादाआड जातो.

वाटलेल्या भावनेला शब्द सापडत नसेल, तर शरीराकडे लक्ष द्यावे. जबडा आवळला आहे का, खांदे वर चढले आहेत का, पोटात खड्डा पडल्यासारखे होते का, हे सांगता येते, आणि 'सकाळपासून छातीवर दडपण आहे' असे म्हणणे हीदेखील कबुलीच आहे. राग आला असेल, तर बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे, की रागाच्या आधी एक क्षणभर काय वाटले होते. बहुतेक वेळा तेथे भीती किंवा अपमान सापडतो.

समोरासमोर बसून डोळ्यांत पाहत बोलणे अनेक पुरुषांना चौकशीसारखे वाटते. त्यांनी काम हाती घेऊन बोलावे. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात 'मेन्स शेड' ही चळवळ सुरू झाली. तेथे वयस्क पुरुष एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्ती करतात आणि खांद्याला खांदा लावून काम करता करता बोलू लागतात. आपल्याकडे शेताच्या बांधावरून चालताना, मोटारसायकल धुताना, सकाळच्या फेरफटक्यात किंवा लांबच्या प्रवासात गाडी चालवताना हे सहज साधते.

जे कोणालाच सांगता येत नाही, ते लिहावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे आयुष्यातील क्लेशदायक घटनेविषयी लिहीत. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक वाईट वाटे, परंतु पुढील काही महिन्यांत घटनेबरोबर भावनाही लिहिणाऱ्यांना आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा लाभ लहान असल्याचे दिसले आहे, म्हणून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. लिहिलेले कागद फाडून टाकले तरी चालते.

जुनी जखम

काही गोष्टी मात्र लहान वाक्यांनी हलत नाहीत. आपल्याकडे वडील गेले की थोरल्या मुलाला 'आता तू घरातला कर्ता पुरुष' असे सांगितले जाते. रुग्णालयाच्या कागदपत्रांपासून दहाव्या-तेराव्यापर्यंत सारे तो सांभाळतो, इतरांना सावरतो, आणि त्याचे स्वतःचे रडणे तसेच राहून जाते. वर्षे उलटतात, मग त्याला वाटते की आता बोलण्याची वेळ निघून गेली. ती गेलेली नसते.

पहिल्या महायुद्धात १९१५ पासून 'शेल शॉक', म्हणजे युद्धातील भयंकर अनुभवांनी सैनिकांच्या मनाला बसलेला धक्का, हा शब्द वैद्यकीय लिखाणात दिसू लागला. या सैनिकांना बहुधा 'विसरून जा, चांगल्या गोष्टींचा विचार करा' असाच सल्ला मिळे. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या डॉक्टरांनी तो चुकीचा ठरवला. (हेच रिव्हर्स पूर्वी निलगिरीत येऊन तोडा समाजाचा अभ्यास करून गेले होते.) एका अधिकाऱ्याला स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेल्या मित्राचा देह दिसला होता आणि तेच दृश्य रोज स्वप्नात येत असे. रिव्हर्स यांनी त्याला ते आठवण्यापासून रोखले नाही. देहाच्या त्या अवस्थेवरूनच मित्राला क्षणार्धात, वेदनेविना मरण आले हे उघड आहे, असे त्यांनी दाखवून दिले. काही रात्रींनी ते स्वप्न पुन्हा पडले, पण त्यात भय उरले नव्हते. तो मित्राशेजारी गुडघे टेकून, नातेवाइकांसाठी त्याच्या वस्तू जपून काढून घेत होता. जुन्या दुःखाकडे वळताना हीच रीत धरावी: घटना पूर्ण आठवावी, आणि तिच्यात आजवर न पाहिलेली, तरीही खरी असलेली एखादी बाजू आहे का ते शोधावे. त्याच त्या दृश्यात रात्रंदिवस बुडून राहण्यालाही रिव्हर्स यांचा विरोध होता, हे ध्यानात ठेवावे.

कोठे थांबून तज्ज्ञाकडे जावे, हेही कळायला हवे. १४०३ मध्ये श्रूझबरीच्या लढाईत पुढे इंग्लंडचा पाचवा हेन्री राजा झालेल्या सोळा वर्षांच्या राजपुत्राच्या चेहऱ्यात बाण घुसला आणि बाणाची काठी निघाली तरी पाते आत राहिले. जॉन ब्रॅडमोर या शल्यचिकित्सकाने मध लावलेल्या सळया घालून जखम हळूहळू रुंद केली, खास घडवलेल्या चिमट्याने पाते काढले, आणि मग ती आतून भरत येईल अशा बेताने रोज साफ केली. हे काम घाईने ओढणाऱ्याचे नव्हते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, दारू सुटत नसेल, हात उगारला जात असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच जावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील आत्महत्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुषांच्या होत्या. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

बंद सोडायला मदत करणाऱ्यांसाठी

पत्नी, भाऊ, मित्र किंवा मुलगी यांनी स्वतः पट्टे ओढू नयेत. पुरुष बोलू लागला की उपाय सुचवू नये, 'मी तुला तेव्हाच सांगत होतो' म्हणू नये, आणि ते बोलणे पुढे कधीही भांडणात हत्यार म्हणून वापरू नये, कारण असे एकदा घडले की तो वर्षानुवर्षे पुन्हा बोलत नाही. तो मध्येच थांबला, तर ती शांतता भरून काढण्याची घाई करू नये. 'पुरुषासारखा पुरुष असून रडतोस काय' हे वाक्य घरातील लहान मुलाच्या बाबतीतही बंद करावे, कारण शेजारी बसलेला बापही ते ऐकत असतो. काही दिवसांनी आपणहून पुन्हा विचारावे, आणि तेव्हा 'कसा आहेस?' असे मोघम विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'मजेत' असे ठरलेलेच असते. 'त्या दिवशी तू आबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होतास, त्यातले दवाखान्यातले अर्धेच राहिले,' असे नेमके म्हणावे.