रास्पबेरी पायचा पंखा फिरेना? आधी मीटर, मग डाग

तासगावला माझ्या दिरांच्या बेदाणा शेडमध्ये एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका बोर्डावरचा छोटा संगणक, टांगलाय. रॅकवरचं तापमान, हवेतला दमटपणा आणि कॅमेऱ्याचं चित्र तो घरी पाठवतो. मार्चमध्ये पत्र्याखाली जीव नकोसा होतो, मग त्या बोर्डाचं काय? परवा फोन आला, "वहिनी, पंखा गप्प झालाय, चित्र अडकायला लागलंय." प्रोसेसर ८० अंशांच्या पुढे गेला की पाय स्वतःच वेग कमी करतो, तेच झालं होतं. मिरजेहून मल्टिमीटर आणि डाग द्यायचा कावीया घेऊन निघाले.

सर्किट साधं आहे. पंखा चालू-बंद करतो तो ट्रान्झिस्टर; त्याला तीन पाय: बेस, कलेक्टर, एमिटर. बेसला थोडा करंट दिला की कलेक्टरकडून एमिटरकडे वाट उघडते. पंख्याची लाल वायर ५ व्होल्टला, काळी ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला. एमिटर ग्राउंडला. बेस एका रेझिस्टरमधून जीपीआयओ १४ ला (जीपीआयओ म्हणजे प्रोग्रामने चालू-बंद करता येणारी पिन), म्हणजे बोर्डाच्या पिनपट्टीवरच्या ८ नंबरच्या पिनला. पंख्याला समांतर एक डायोड, त्याच्या अंगावरचा पट्टा ५ व्होल्टकडे. डायोड उलटा बसला तर ट्रान्झिस्टर चालू होताच सगळा करंट डायोडमधूनच जातो, ट्रान्झिस्टर भाजतो आणि पंखा हलतसुद्धा नाही.

शोध पंख्यापासून सुरू करा. पाय बंद करून पंख्याची लाल वायर थेट ४ नंबरच्या पिनला (५ व्होल्ट), काळी ६ नंबरला (ग्राउंड) लावा आणि पाय चालू करा. फिरला तर पंखा ठणठणीत. वायरी उलट्या लावल्या तर हे पंखे फिरत नाहीत, तेवढं बघा. आणि ५ व्होल्टची वायर चुकूनही जीपीआयओच्या पिनला टेकवू नका, बोर्ड जाईल.

आता पंखा परत सर्किटला जोडा, रेझिस्टरचं टोक ८ नंबरवरून काढा आणि १ नंबरला लावा. तिथे कायम ३.३ व्होल्ट असतात. पंखा फिरला तर सर्किट बरोबर आहे, दोष सेटिंगमध्ये. रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रामात परफॉर्मन्सखाली फॅनचा पर्याय आहे. तिथला जीपीआयओ नंबर (८ नव्हे, १४) आणि किती अंशांना पंखा सुरू व्हावा ते तपासा. सुरू झालेला पंखा त्या आकड्याच्या १० अंश खाली आल्यावर थांबतो, त्यामुळे बराच वेळ फिरत राहिला म्हणून घाबरू नका. मात्र पाय गार असतानाही पंखा थांबतच नसेल तर सिरियल कन्सोल (वायरीने पायशी बोलायची सोय) चालू आहे का बघा. तोही जीपीआयओ १४ च वापरतो आणि रिकामा असताना पिन ३.३ व्होल्टवरच धरून ठेवतो.

१ नंबरला लावूनही पंखा फिरला नाही तर मीटरची काळी प्रोब ग्राउंडला ठेवा, लाल बेसला. साधारण ०.७ व्होल्ट यायला हवेत. मला तिथे पूर्ण ३.३ दिसले. म्हणजे करंटला वाटच नाही, एमिटर ग्राउंडपर्यंत पोचतच नाही. ग्राउंडची जंपर वायर (डाग न देता पिनवर खोचायची वायर) उपसली तर आतली पितळी पकड हिरवी पडलेली. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तो वायू दमट हवेत आम्ल होतो आणि धातू खातो.

बेसला ०.७ आणि पंखा तरी मरगळलेला असेल तर कलेक्टर मोजा. पंखा चालू असताना तिथे व्होल्टभर किंवा जास्त दिसले तर ट्रान्झिस्टर पूर्ण उघडत नाही. माझ्या पंख्यावर ०.१५ अँपिअर छापलंय आणि पहिल्यांदा मी बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावला होता, ज्याची मर्यादा ०.१. तो गेला. मग घाईत २एन२२२२ त्याच दिशेने बसवला. त्याचे पाय वेगवेगळ्या बनावटीत वेगळ्या क्रमाने येतात. माझ्याकडच्यात एमिटर आणि कलेक्टर उलटे होते, पंखा नुसता थरथरायचा. एक संध्याकाळ त्यात गेली. आता बीसी३३७ वापरते: पायांचा क्रम बीसी५४७ चाच, करंट ०.८ अँपिअरपर्यंत. बेसला १ किलोओहमऐवजी ४७० ओहम. पिनमधून साडेपाच मिलिअँपिअर जातात, १६ च्या मर्यादेच्या बरेच आत.

शेडमधल्या सर्किटला जंपर वायर ठेवल्याच नाहीत. सगळ्या वायरींना डाग दिले, वरून मोटर वाइंडिंगचं व्हार्निश लावलं. डबा धुरीच्या खोलीबाहेर टांगला आणि फक्त सेन्सरची केबल आत सोडली.