टॉर्क रेंच घेताना आधी रेंज बघा
टॉर्क रेंच म्हणजे नट-बोल्ट ठरवलेल्या जोरानेच आवळायचा पाना. कंपनीचं नाव नंतर, आधी रेंज, म्हणजे तो किती ते किती जोरासाठी चालतो ते. कारच्या चाकाचे नट साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटरला (आवळण्याच्या जोराचं माप) आवळतात. त्याला ४० ते २०० चा, अर्धा इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसतो त्या चौकोनी टोकाचा) रेंच पुरतो. पण बाइकच्या इंजिनवरचे १० न्यूटन-मीटरचे बोल्ट त्याच रेंचने आवळलेत तर आटे गेलेच म्हणून समजा! तिथे ५ ते २५ चा, पाव इंची वेगळा घ्या. खोक्यात त्याच रेंचच्या सिरियल नंबरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (अचूकता तपासल्याचा दाखला) हवं, अचूकता ±४ टक्के किंवा त्याहून चांगली. नसेल तर स्वस्त मिळतोय म्हणून भुलू नका. क्लिक-टाइप रेंच (ठरवलेला जोर आला की ‘क्लिक’ करणारा) काम झाल्यावर ठेवताना सेटिंग स्केलवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणा. जाम नट सोडवायला मात्र साधा पानाच वापरा.